मागच्याले

माय, आज सकाळी मी तलावाची फेरी धरली. तू गेल्यावर पहिल्यांदाच. तू असतीस तर म्हणाली असतीस, या वयात हे काय खूळ सुचलं, आणि लगेच टोपली उचलून माझ्या पुढे चालू लागली असतीस. तुला माझ्या गुडघ्याचं माहीतच नाही. उजवा गुडघा बदलून घेतला, नागपुरात. सगळी नोकरी मी दुसऱ्यांना सुया टोचत काढली, पण स्वतः खाटेवर पडले तेव्हा पेशंट म्हणून फारच वाईट निघाले. तिथल्या सिस्टर मला पार कंटाळल्या होत्या. तुझा नातू, ज्याला तू फक्त पाळण्यात पाहिलंस, तो आता नागपुरात मोठ्या इमारतीत राहतो आणि मला तिकडेच चल-चल करतो. लिफ्ट आहे, म्हणतो, दवाखाना जवळ आहे, खाली बागेत चालायला गोल रस्ता आहे. मुलगा गुणी आहे, त्याचं चुकत काहीच नाही, म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नाही. शेवटी मी फोनवर सांगितलं, आपल्या तलावाची पूर्ण फेरी माझ्या पायांनी झाली तर मी गावातच राहणार, नाही झाली तर गाडी पाठव, गुमान येऊन बसते. त्याला वाटलं असेल बागेतल्यासारखी फेरी. हसून कबूल म्हणाला.

तुझी फेरी काही बागेतली नव्हती. घरातून निघायचं, पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या भरावावर चढायचं, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या ठेवून टोकापर्यंत जायचं, मग तलावाच्या पाठीमागच्या माळावर. तिथं गवत, मुरूम, पळसाची खुरटी झुडपं, आणि मधेच ते मोठं मोहाचं झाड. माळ उतरला की सलंग, म्हणजे भरलेल्या तलावाचं जास्तीचं पाणी जिथून बाहेर पडतं ती दगडी उतरण, आणि तिथून नाल्याकाठानं घर. गेलीस त्या वाटेनं तू कधी परतली नाहीस. पाळीवरच्या देवाला गावातली माणसं प्रदक्षिणा घालायची, मी विचारलं की आपण कोणाला घालतो, तर तू म्हणायचीस, आपली पोटाची फेरी आहे, तिले देव नाई लागत. पावसाळ्यात रानभाजी, थंडीत सरपण, चैत्रात मोहफुलं. तू वाकून वेचते आहेस, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, आणि पाण्यापलीकडून विहारातली वंदना ऐकू येते आहे. मी तुझ्या मागे आहे, आणि सारखी मान वळवून मागे बघते आहे.

मागे का बघायची ते तुला शेवटी कळलं होतं ना? तुझा नियम होता, कोणत्याही झाडाखालची सगळी फुलं उचलायची नाहीत, कोणत्याही झुडपाचा सगळा पाला तोडायचा नाही. अर्ध्यावर आलीस की कंबर सरळ करून म्हणायचीस, चाल आता, मागच्याले ठेव. मला वाटायचं, मागचा म्हणून खरंच कोणीतरी आपल्या पाठीमागून चालत येतो. पाळीवर आपण आहोत तर तो आपल्या घरापाशी असेल, आपण माळावर तर तो पाळीवर. दाढीवाला, हातात टोपली, आणि जरा लाजाळू, कारण मी वळले की तो लपायचा. एकदा मागे बघता बघता मी सलंगाच्या दगडांवर आपटले, तेव्हा रडत रडत तुला विचारलं की तो पुढे का येत नाही. तू मला पोटाशी धरून इतकी हसलीस की तुझी टोपली कलंडली. पण त्याला खोटा म्हणाली नाहीस. म्हणालीस, येते तो, आपून गेल्यावर.

आणि तो एक दिवस, ज्या दिवशी मी तुला न विचारता मोहाखालची जमीन झाडल्यासारखी स्वच्छ केली. मला तुझ्याकडून शाबासकी हवी होती. तू माझ्या टोपलीत हात घातलास, ओंजळ भरलीस आणि फुलं परत झाडाखाली पसरून दिलीस, एकाच जागी ओतली नाहीस, वरून पडल्यासारखी पसरलीस. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आपून का पहिलेच आन शेवटचेच आहोन काय वो?" बस, एवढंच. संध्याकाळी चुलीवर लाखोळीच्या डाळीत मोहफुलं शिजत होती, त्या गोड वासानं खोली भरली होती, आणि मी रुसून कोपऱ्यात बसले होते. तू मला ताटात जास्त वाढलंस. मी नर्सिंगला चंद्रपूरला निघाले तेव्हा तीच टोपली तू मला दिलीस. होस्टेलात तिच्यात माझ्या रिबिनी असायच्या. आता रक्तदाबाच्या गोळ्या असतात. तिचा काठ मी दोनदा बुरडाकडून बांधून घेतला आहे.

आता वाघाच्या धाकानं एकटं कोणी जात नाही. बाया नीट उजाडल्यावर घोळक्यानं निघतात आणि मुद्दाम मोठ्यानं बोलत चालतात. मीही त्यांच्यात निघाले, पण पाळीच्या मध्यापर्यंत येता येता त्या खूप पुढे गेल्या. शेजारची सून तेवढी माझ्यासोबत राहिली. हळू या जी बाई, तलाव काई पळून नाई चाल्ला, असं म्हणत ती माझ्या चालीनं चालत होती. पाणी बरंच खाली गेलं आहे, उघड्या पडलेल्या गाळात कोणीतरी काकड्या लावल्या आहेत, टिटव्या आमच्यावर ओरडत होत्या. माळाचा चढ मला जड गेला. दोनदा वाटलं, फोन करावा आणि गाडी मागवावी. खरं सांगते माय, नागपूरच्या त्या लिफ्टचा मला त्या चढावर मोह पडला होता.

मोहाखाली पोचलो तेव्हा बाया वेचून पुढच्या झाडाकडे गेल्या होत्या. पण जमिनीवर फुलं तशीच होती, निम्म्या भागात, पिवळीधमक. मला वाटलं पोरी आळशी झाल्या. मी सुनेला म्हटलं, अर्धी राहिली की गं.

"राहिली नाई जी, ठेवली. मागच्याले."

मी विचारलं, कोण मागचा?

"कोन म्हनजे? जो येईन तो," ती म्हणाली. "आज तुमी आल्या."

हे तुला कोणी सांगितलं, विचारलं, तर म्हणाली, सासू सांगायची, सासूला कोणी सांगितलं ते तिला काय ठाऊक. मी झाडाच्या बुंध्याला हात लावून उभी राहिले आणि मनसोक्त रडले. तिला वाटलं गुडघा दुखतो. तिनं मला पाणी दिलं. मग मी वेचायला लागले. नव्या गुडघ्यानं खाली बसता येत नाही, म्हणून कंबरेत वाकून, धापा टाकत, ओंजळभर वेचली आणि बाकीची राहू दिली. इतकी वर्षं मी मान वळवून ज्याला शोधत होते तो मागचा मीच निघाले, आणि माझी वाट बघून कोणीतरी फुलं ठेवली होती. मला फार बरं वाटलं, माय. किती बरं वाटलं ते सांगायला तूच हवी होतीस.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. झाली का फेरी, म्हणाला. मी म्हटलं, झाली. तो म्हणाला, बरं, मग अंगणात पाय घसरणार नाही अशी फरशी बसवून देतो. जिंकले मी.

हे पत्र टोपलीत गोळ्यांच्या खाली ठेवते, दुसरीकडे कुठं पाठवणार. पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही. सलंगापाशी शेजारच्या सुनेचा नवरा मोहाची पोती न्यायला मोटारसायकल घेऊन उभा होता. त्यानं बसा म्हटलं आणि मी बसले. सलंगापासून घरापर्यंतचा तुकडा मी चालले नाही, तो मागच्याले ठेवला आहे. उद्या सकाळी जाते.