किश्क अजून ओला आहे

प्रिय तग्रीद,

फोन हातात असताना आईनं पत्र का लिहिलं, असं म्हणत तू उभ्यानंच हे फोडलं असशील. आधी बस, पाणी पी, मग वाच. मी धडधाकट आहे. उम्म हैदरची भाची परत तुमच्या आबिजानला निघालीय, तिच्या हातात हे देतेय. तुला ते मिळेपर्यंत दोन-तीन दिवस जातील, आणि मला तेवढेच हवेत. का, ते शेवटी सांगते.

बाँब पडायला लागले म्हणून गाव सोडलं, तेव्हापासून आम्ही अजून साईदाच्या त्याच शाळेत आहोत. फळ्यावर कुणा पोरांची गणितं तशीच आहेत, पुसायला कुणाचा हात होत नाही. वर्गाच्या एका कोपऱ्यात गॅसची शेगडी, आणि तिच्याभोवती आपल्या अर्ध्या गावच्या बायका. काल मसूर-भाताची मुजद्दरा केली, तर कांद्यावरून केवढं रणकंदन! उम्म हैदर म्हणे कांदा काळा होईस्तोवर तळायचा, मी म्हटलं तुझ्याकडे कांदा नाही, कोळसा खातात माणसं. ती म्हणाली, म्हणूनच माझा नवरा तरणाताठा गेला वाटतं. सगळ्या खो खो हसल्या. हसू येतं गं अजून. मसुराचा वास सुटला की क्षणभर वाटतं, आपण घरीच आहोत आणि कुणाच्या तरी लग्नाची तयारी चाललीय.

आता खरं सांगते. तू दर फोनला विचारतेस, बाबा कुठायत, आणि मी म्हणते नमाजाला गेलेत, पाव आणायला गेलेत, आत्ताच डोळा लागलाय. तुझे बाबा इथे नाहीत तग्रीद. ते गावी परत गेलेत. कशासाठी? किश्कासाठी!

तुला आमचा किश्क ठाऊक आहे. दलिया दह्यात भिजवायचा, रोज मळायचा, आंबला की गच्चीवर पांढऱ्या चादरींवर त्याचे गोळे टाकायचे, मग ते दोन तळव्यांत चोळून चोळून पीठ होईस्तोवर वाळवायचे. यंदा नेमके गोळे टाकून झाले आणि पळायची वेळ आली. गाडीत बसल्यापासून या माणसाचा जप सुरू, किश्क भिजेल, किश्क पाखरं खातील, हिवाळ्यात काय खायचं, दगड? मी म्हटलं, अहो, घर राहतंय का बघा, किश्क घेऊन बसलात. तर म्हणाले, घर दगडाचं आहे, ते थांबेल, किश्क थांबत नाही. एवढं बोलून पहाटे पावाच्या व्हॅनमधून निघून गेले. हट्टी माणूस! जन्मात माझं एक ऐकलं असेल तर शपथ.

आणि वर उम्म कामिल आहेच. तू गावात होतीस तेव्हाही होती ती, बिनमाणसाचं ते टेहळणीचं विमान, आपणच त्याला बाईचं नाव ठेवलेलं. तेव्हा आपण थट्टा करायचो. भांड्यात मीठ कमी पडलं का ते उम्म कामिलला विचार, तिला वरून सगळं दिसतं. आता ती हलतच नाही. दिवसभर डोक्यावर तिची घरघर, गिरणी सुरू ठेवून कुणी निघून गेल्यासारखी. मी बाबांना फोनवर म्हटलं, गच्चीवर एकटा माणूस, खाली पांढऱ्या चादरी, ओणवा होऊन काहीतरी पसरतोय, चोळतोय, गोणीत भरतोय. तिला वरून काय दिसत असेल? हसले. म्हणाले, इतकी वर्षं बघतेय, तिला किश्क ओळखता येत नाही होय? माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. आपण आपले तिला शेजारीण समजून बसलो गं. तिला कुठे आपल्या घरचं जेवण माहीत आहे?

गेल्या आठवड्यात हाज्ज दीब, तोच व्हॅनवाला, गावातून लोकांचं सामान घेऊन आला आणि माझ्या हातात फडकं बांधलेलं भांडं ठेवलं. बाबांनी पाठवलेलं. उघडलं तर वर पुदिन्याची पानं, आणि खाली कच्च्या मांसाचे फ्राके! जी एक शेळी मागे राहिली होती तिला चारा घालायला कुणी नाही, म्हणून कापली म्हणे. दगडावर मांस कुटलं, माझा कम्मूने मसाल्याचा डबा शोधून काढला, दलिया मळला आणि मुठीत दाबून दाबून एकेक घास केला. मी तिथेच ओरडायला लागले, कच्चं मांस या उन्हात एवढ्या लांब पाठवतात का? अक्कल आहे का या माणसाला? आणि ओरडता ओरडता खाली बघितलं, तर प्रत्येक घासावर बोटांचे ठसे. तीन पूर्ण आणि चौथं अर्धं. तेलाच्या घाण्यात त्यांच्या बोटाचं पेर गेलं तेव्हा तू तान्ही होतीस. मोठी झालीस तशी त्यांचे फ्राके वेगळे काढून ठेवायचीस, हे बाबांचे, हे मीच खाणार म्हणून. आठवतं का?

वर्गातल्या सगळ्यांना एकेक दिला. लग्नघरासारखं झालं. उम्म हैदर बोटं चाटत म्हणाली, हात कुणाचाही असो, कम्मूने मात्र तुझाच. मी एक घास मागे, शाळेच्या फ्रिजमध्ये ठेवला. शिळा कच्चा खात नाहीत, ते लहान पोरालाही कळतं, तळावा लागतो. दुसऱ्या दिवशी तळायला घेतला तर हातच होईना. वाटलं, तेलात ठसे जातील. दीबनं सांगितलं होतं, निरोप आहे की दोन दिवसांत येतो, किश्क अजून ओला आहे.

ते दोन दिवस कधीच उलटून गेले. बाबांचा फोन वाजत नाही. लागतच नाही. वरच्या आळीत काहीतरी पडलं असं कुणी म्हणतं, दुसरा म्हणतो खालच्या, तिसरा म्हणतो काही पडलं नाही, उगाच उठवतात. उम्म हैदरच्या फोनवर कुणीतरी आपल्या गल्लीचा फोटो पाठवला. अंजिराचं झाड ओळखलं मी. झाडामागे आपली गच्ची दिसायला हवी. तिथे नुसती धूळ होती, करडी. मी म्हटलं, फोटो वाकडा काढलाय. सगळ्या लगेच हो म्हणाल्या, वाकडाच आहे. एरवी या बायका माझं एक वाक्य धड पुरं होऊ देत नाहीत.

दीब तेव्हापासून माझ्याशी नजर भिडवत नाही. व्हॅन शाळेच्या मागच्या दाराशी लावतो. मी अडवून विचारलं तर म्हणाला, रस्ता बंद आहे उम्म तग्रीद, मी वर गेलोच नाही. चाकांना आपल्याकडची तांबडी माती होती. ती मला कळत नाही होय?

आणि आज सकाळी उम्म हैदर कॉफी घेऊन आली. ताटलीवर कप ठेवून, दोन्ही हातांनी दिला, पाहुण्याला देतात तसा. मी मेली दोन चमचे साखर घेणारी, ती मला गेली तीस वर्षं त्यावरून हिणवते, सरबत पितेस म्हणते. मी घोट घेतला. कडू. साखरेचा कणसुद्धा नाही. मागे बायका भिंतीला टेकून उभ्या, कुणाच्या डोक्यावरचा काळा रुमाल नवा, घडीसुद्धा मोडलेली नाही. कडू कॉफी आपल्यात मयताच्या घरी देतात, ते तुला मी सांगायला नको. त्यांना वाटलं, कॉफीच सांगेल.

मी कप खाली ठेवला. म्हटलं, साखर विसरलीस उम्म हैदर. ती रडायला लागली. मी म्हटलं, रडू नकोस, साखर आण. मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय कडू पिणार नाही. शेवटी तिनंच डबा आणला, दोन चमचे घातले, आणि मी तिच्यासमोर कप रिकामा केला.

म्हणून हे पत्र. उद्या सकाळी मी गावी चाललेय. दीब नेतो म्हणाला, मी त्याच्या व्हॅनपुढे जाऊन बसले तेव्हा. फोनवर सांगितलं असतं तर तू रडून रडून मला अडवलं असतंस, नाहीतर पहिल्या विमानानं निघाली असतीस. येऊ नकोस. माझ्याकडून निरोप आल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही, तुला माझ्या दुधाची शपथ. ते भेटले, तर आधी मी त्यांना धू धू धुणार आहे, मग गोणी भरून किश्क घेऊन येणार, तुलाही पाठवीन. दुपारी मी तो शेवटचा घास तळला. भीती होती ती खोटी निघाली गं. तेलात ठसे गेले नाहीत, उलट कडक झाले, तीन पूर्ण आणि एक अर्धं. फडक्यात बांधून घेतलाय. तिथे कुणी चादर वर करून विचारलं की हा तुमचाच माणूस का, तर मी त्याचा हात हातात घेईन आणि बोटं त्यात बसतात का बघेन. दुसऱ्या पुडीत साखर घेतलीय.

तुझीच,
आई