काशीत सोडला तो चहा, कॉफी नव्हे

बेलापूर, पौष महिना
(तारीख विचारायला उठलो तर पत्र पुन्हा राहील.)

तीर्थस्वरूप सौ. पुष्पावती मावशी,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून गोरक्षचा नमस्कार. डोकं अजून तिथंच आहे असं समज, कारण वर केलं की तू पहिलं हेच विचारशील, पत्र का टाकलं नाहीस. टाळलं, मावशी. निघताना तू पोस्टाची कार्डं माझ्या खिशात कोंबली होतीस ती सगळी अजून तशीच आहेत. (एक सोडून. ते विजूच्या सासूबाईंनी हलणाऱ्या पाटाखाली घातलं.) लिहायला मी रोज बसायचो. 'इकडे सर्व क्षेम' इथपर्यंत हात बरा चालायचा, पुढं तुझ्या विजूचं काय लिहावं तिथं शाई वाळायची. तुझा गुडघा कसा आहे? राजूरला थंडी मी म्हणत असेल. शेक घेतेस, की घेते घेते असं नुसतं म्हणतेस? काकांचा खोकला? भाताचा पेंढा नीट रचला का? (मी असतो तर रचला असता, असं तू म्हणणार नाहीस. गेल्या साली मी रचलेला म्हशीच्या अंगावर आला ते तू विसरली नसशील.)

तर आधी श्वास सोड. विजू येतेय. सातवा महिना सरायच्या आत येतेय, तिच्या सासऱ्यांनी, अप्पांनी, स्वतःच्या तोंडानं सांगितलं. आता हे घडलं कसं ते सांगतो. मधे फाटे फुटतील, पण तू भाकरी तव्यावर ठेवून वाचू नकोस म्हणजे झालं.

भांडणाची तुमच्याकडची बाजू तुला ठाऊकच आहे. काका विजूला पहिल्या बाळंतपणाला आणायला इथं आले, आणि तिचे सासरे रंगनाथअप्पा काही कारण नसताना कडाडले, की पोरगी जाणार न्हाई. इकडची बाजू मला इथं राहून कळली. अप्पा गेल्या साली काशीला गेले होते. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू तिथं कायमची सोडून यायची असते. मोटारीतल्या बाकीच्या मंडळींनी डोकं चालवलं. कुणी कारलं सोडलं, कुणी सुरण सोडला. साळूबाईंनी, म्हणजे विजूच्या सासूबाईंनी, दुधीभोपळा सोडला, जो त्यांनी जन्मात कधी आवडीनं खाल्ला नव्हता. (आता बाजारात दुधी दिसला की त्या मोठ्या त्यागानं मान वळवतात.) अप्पा मात्र मानी माणूस. कमरेएवढ्या गंगेत उभे राहिले आणि चहा सोडून आले. ज्यांच्या घरी चहाचं पातेलं चुलीवरून उतरत नव्हतं, त्या माणसानं चहा सोडला! घाटाच्या पायऱ्या चढतानाच त्यांनी डोकं धरलं, ते बेलापूरला आल्यावरही सुटेना. उपरणं कपाळाला आवळून ओसरीवर पडायचं, आणि दिसेल त्याच्यावर खेकसायचं. बैल हंबरला तरी म्हणायचे, "ह्येला काय झालं वरडायला? ह्येनं काय सोडलंय?"

अशा माणसासमोर आपल्या काकांनी पाहुण्याचा चहा बशीत ओतला. तुला काका कसे पितात ते माहीतच आहे, राजूरला भुरका मारला की भंडारदऱ्याला ऐकू जातो. वर डोळे मिटून म्हणाले, "आहाहा, च्या पिवावा तर बेलापुरात!" कौतुकानं म्हणाले गं. अप्पांना वाटलं, मुद्दाम. झालं. काका पायऱ्या उतरत असताना अप्पांनी मागून हाळी दिली, "आदी सोता च्या सोडा, इवाई, मंग पोरगी मागा!" आणि काकाही काही कमी नाहीत. फाटकातून ओरडले, "च्या सोडायला म्या काय साधू झालोय?" हे शेवटचं काकांनी तुला सांगितलं नसणार.

अप्पांची समजूत घालायला तू मला धाडलंस, तर आल्यापासून मी सगळे उपाय केले. पाय चेपले, डोक्याला सुंठ उगाळून लावली, एकदा रडून पण पाहिलं. (अप्पा म्हणाले, शिंकरून ये.) आपले जावई श्रीमंतराव साखर कारखान्यात एवढ्या धडधडत्या यंत्रांवर हुकूम चालवतात, पण वडिलांपुढं त्यांच्या तोंडून 'अं' निघतं आणि वडील आत गेल्यावर 'हं' निघतं. विजू वरून हसतमुख. पण एकदा गोठ्यामागं मला गाठून म्हणाली, "गोरख्या, आठवा लागला की कुणी मला एसटीत बसू द्यायचं न्हाई. आई जवळ नसली तर मी भिऊनच मरंन रे." त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना. (दोन भाकऱ्यांवर उठत होतो. साळूबाईंना विचार.)

आता कॉफीकडं येतो. दिवाळीनंतर मी कुणाला न सांगता गायब झालो होतो आणि त्यावरून तू जे जे बोललीस ते सगळं मान्य. पण तेव्हा मी आपल्या नगरच्या पीरमहंमदच्या ट्रकवर होतो. कांदा घेऊन आम्ही थेट चिकमंगळूरला गेलो. काय तो घाट मावशी! पीरमहंमद वळणावर डोळे मिटून घेतो, म्हणतो तसं केल्यानं भीती वाटत नाही. ते असो. तिथल्या मळ्यावरच्या एका म्हाताऱ्यानं मला कॉफीच्या कच्च्या बियांचं गाठोडं भेट दिलं. हिरवट, चपट्या, मधे चीर. कशा भाजायच्या तेही कानडीत सगळं समजावलं. मला कानडीतलं फक्त 'ऊट' समजतं, म्हणजे जेवण, आणि ते काही त्यात आलं नाही. हात गोल गोल फिरवून दाखवला, तो समजला: ढवळत राहा. मग त्यानं कानामागं तळवा धरला आणि दोन बोटं दाखवली. मला वाटलं बहिरा आहे, म्हणून मी दोनदा ओरडून नमस्कार केला.

भांडं मात्र विजूसाठी घेतलं होतं. तिला लाह्यांचे डोहाळे लागलेत असं तू म्हणालीस, म्हणून इकडं येताना नगरच्या जुन्या बाजारात शोधलं. कोणी गोरी मडम विलायतेला परत जाताना टाकून गेलेली वस्तू. अल्युमिनियमचा खोलगट डबा, घट्ट झाकण, आणि झाकणातून वर आलेला एक दांडा. चुलीवर ठेवून दांडा फिरवला की आत तारेचं फिरकं तळाशी फिरतं आणि मक्याच्या लाह्या न करपता फुटतात. ज्वारीच्याही फुटतात. विजूनं पाट्या भरभरून खाल्ल्या.

एका दुपारी अप्पा ओसरीवर कण्हत होते आणि माझ्या डोक्यात आलं, की कॉफी म्हणजे काही चहा नव्हे. पण व्रत मोडलं तर? साळूबाईंना विचारलं. त्यांनी तांदूळ निवडता निवडता निकाल दिला: "गंगंत म्या शेजारीच उभी हुते. त्येनी च्या म्हनलं. कापीचं नाव बी काडलं न्हाई." मी आनंदानं गाठोडं आणायला गेलो तर ते निम्मं रिकामं. साळूबाईंनी तो मद्रासकडचा पावटा समजून भिजत घातला होता आणि फडक्यात बांधून मोड यायची वाट बघत होत्या. रोज उघडून बघायच्या म्हणे, आणि बियांना बोलायच्या.

उरलेल्यातल्या निम्म्या मडमेच्या भांड्यात घातल्या. विजूनं पाटावर बसून दांडा धरला, मी जाळ सारत होतो, साळूबाई पदर खोचून टोपली घेऊन तयार. लाह्या करायच्या म्हटल्यावर आम्हा तिघांनाही एकच रीत ठाऊक: दाणा तडतडला की फुलतो, सगळं भांडं पांढरं होतं, मग उतरवायचं. थोड्या वेळानं आत टप् टप् सुरू झालं. साळूबाई म्हणाल्या, "आल्या! फिरीव!" विजूनं फिरवलं. आवाज थांबला. झाकण किलकिलं करून पाहिलं तर दाणे तपकिरी, फूल एकही नाही. साळूबाई म्हणाल्या, "रुसल्यात. जाळ घाल." मी जाळ घातला. मग बारीक चिटचिट सुरू झाली. आम्हाला वाटलं, आता नक्की. फिरव, फिरव! आणि मावशी, भांड्यातून जो धूर निघाला म्हणतेस! स्वैपाकघर गेलं, माजघर गेलं, ओसरीवरचे अप्पाही दिसेनात. नुसता त्यांचा आवाज येत होता: "काय जाळताय गं? माजं सरन आत्ताच रचलं का काय?" आळीतली माणसं बादल्या घेऊन धावली आणि त्यातल्या एकानं विचारायच्या आधीच माझ्यावर पाणी ओतलं. विजूला मी आधीच अंगणात काढलं होतं, ती बाजेवर बसून हसत होती. डब्यात कोळसे. पांढरी लाही एक नाही.

भिजून बसल्यावर माणसाला सुचतं. तो चिटचिटीचा आवाज माझ्या कानात बसला होता, आणि एकदम मला त्या म्हाताऱ्याचा कानामागचा तळवा आठवला. तो बहिरा नव्हता! ऐक, म्हणत होता. दोन आवाज येतील. पहिला ठसठशीत, दुसरा बारीक. दुसरा सुरू झाला की थांब. फुलायचा तर प्रश्नच नव्हता, ही बी फुलतच नाही, ती नुसती तडकते. (बिचाऱ्याला मी दोनदा ओरडलो.)

उरलेल्या मूठ-दोन मुठी दुसऱ्या दिवशी भाजल्या. घरात शिंकायची बंदी. पहिली टपटप झाली, शांत झालं, आम्ही तिघं डब्यावर कान लावून, आणि बारीक 'चिट' म्हणताच मी भांडं उचललं. साळूबाईंनी दाणे सुपात घेऊन अंगणात पाखडले, फोलपटं उडाली, दाणे गार झाले आणि असा वास सुटला की ओसरीवरचं कण्हणं थांबलं. पुढचं घाईत झालं. खलबत्त्यात कुटले, दुधात उकळले, साखर घातली, फडक्यानं गाळलं, विजूनं पेला-बशी अप्पांपुढं ठेवली. "च्या न्हाई, मामंजी. कापी हाय." अप्पांनी तिच्याकडं पाहिलं, बशीत ओतलं, फुंकलं आणि भुरका मारला.

त्यांचं तोंड लाल झालं. डोळ्यांतून पाणी आलं. नाक वाहू लागलं. मी हळूच खलबत्त्याकडं पाहिलं. सकाळी त्यात लाल मिरच्या कुटल्या होत्या. (धुतला होता म्हणतात. कुणी धुतला होता ते अजून कळलेलं नाही.) श्रीमंतराव 'अं' म्हणाले. विजू भिंतीला टेकली. अप्पांनी दुसरा भुरका मारला. मग तिसरा. बशी खाली ठेवली, कपाळाचं उपरणं सोडलं, त्याची नीट घडी घातली आणि म्हणाले, "ह्येच्यात मिरची हाय." मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लई दिसांनी टकुरं हलकं झालं." थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पोरीचा सातवा सरत आला न्हवं? आईकडं धाडाय पायजे." साळूबाई आत गेल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मीही गेलो. (मला धूर लागला होता.)

तेव्हापासून रोज मिरचीची कॉफी होते. मुद्दाम घालतात, बिनमिरचीची दिली तर परत पाठवतात. विजूची पिशवी भरून झाली आहे. मी गाईला वैरण घातली, शेजाऱ्यांच्या बादल्या परत दिल्या, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवून हे लिहायला बसलो.

तुझा,
गोरक्ष

ता. क. एक अट सांगायची राहिली. विजूला न्यायला काकांनीच यायचं, अप्पांसमोर बसायचं, अप्पा बशीनं कॉफी पिणार आणि काकांनी रिकाम्या हातानं बघत राहायचं. चहा मिळणार नाही. अप्पांनी बसायच्या जागासुद्धा ठरवल्यात. काकांना तू तयार कर, मी सांगितलं तर ते मला पेंढ्याखाली पुरतील.

ता. क. दुसरा. कॉफीची पूड डब्याच्या तळाला लागली आहे. ती संपली की डोकं परत चढणार आणि अप्पांचं मन कुणीकडं जाईल ते सांगता येत नाही. योगायोग असा, की पीरमहंमद पुन्हा चिकमंगळूरला निघालाय. कुणीतरी घरच्यासाठी जायला हवं. भटकायला नाही मावशी, कर्तव्य म्हणून. एवढी परवानगी दे. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता. क. तिसरा. थांब. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात फाटक वाजलं. काका आलेत! ते कोपरगावला बैल बघायला गेलेत असं तू समजत असशील. हातानं धूळ झटकत सरळ अप्पांपुढं बसलेत. अप्पांनी मोठ्यानं हाक दिली, "कापी आना, एकच!" विजूनं आणली. आणि काका खाली बघून म्हणतात, "च्या सोडला म्या, इवाई. राजूरलाच, प्रवरंत उभं ऱ्हाऊन. तेच पानी हितं तुमच्या दाराम्होरनं जातंय, इचारा त्याला. आता पोरगी द्या."

अप्पा बशीकडं बघतात. काकांच्या कपाळाकडं बघतात, तिथंही उपरणं आवळलेलं आहे. आता त्यांनी बशी काकांपुढं सरकवली. "घ्या. ही नदीत गेलेली न्हाई."

काकांनी उचलली. मावशी, भुरका मारला! ठसका लागलाय, डोळ्यांतून धारा, आणि अप्पा मांडीवर थाप मारून हसताहेत. आवाज आला का गं तिकडं?