तुलनेसाठी ताई

३ फेब्रुवारी

ताईच हवी! आजार माझा, तपासण्या माझ्या, आणि त्यातही ताई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुलनेला घरातलंच धडधाकट माणूस लागतं." आमचे हे लगेच, "आहे की, हिची मोठी बहीण!" मला विचारायचंसुद्धा नाही.

मी म्हटलं, आजार हातपाय हलवणाऱ्या नसांचा, मग स्वादुपिंड कशाला तपासता? तर म्हणे, या आजारात पुष्कळांचं शरीर बसल्या जागी जास्त जाळतं, वजन उतरतं, साखरेचं गणितही बिघडतं कधीकधी. ते का, हेच शोधतायत. शोधा. शाळेत तिची वही नि माझी वही शेजारी ठेवून बघायचे – आता रक्त!

४ फेब्रुवारी

डाव्या हाताने लिहितेय. उजवा संपला. ताईचा फोन – रोज सकाळी पोहायला जाते म्हणे. कुणी विचारलं होतं?

९ फेब्रुवारी

दोघी उपाशीपोटी, शेजारच्या खुर्च्यांवर. साखरेचं पाणी पाच मिनिटांत संपवायचं, मग दर अर्ध्या तासाने रक्त. ताईने दोन घोटांत ग्लास रिकामा केला. वर म्हणते, "अगं, सरबतच आहे!" मला पातळ गिळता येत नाही – घट्ट करून, चमच्याने. चौथ्या चमच्याला ठसका. निम्मं अंगावर. नर्स म्हणाली, "रद्द करावं लागेल." दोघींचंही, कारण जोडीची तपासणी एकाच दिवशी लागते. म्हणजे ताई पुन्हा उपाशी! खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

निघताना यांनी तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं. माझ्यासाठी रोजच उघडतात. पण तिच्यासाठी हसून उघडलं.

१२ फेब्रुवारी

जळते मी तिच्यावर. जिना चढते, स्वतःची वेणी स्वतः घालते, यांच्याशी भरभर बोलते आणि हे तिला "काय?" असं दोनदा विचारत नाहीत. तिलाही एकदा काहीतरी व्हावं. लिहिलं. खोडणार नाही.

१६ फेब्रुवारी

सगळं संपवलं मी, चार मिनिटांत! मग नर्सने ताईची बाही वर केली आणि थांबली. दंडावर, कातडीखाली, काहीतरी फुरफुरत होतं. थांबेना. माझंही असंच सुरू झालं होतं. नर्स डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली.

ताई हसून म्हणाली, "थंडीने होत असेल, नाही गं?"

मी म्हटलं, "हो ताई. इथे फार गार आहे."