व्हरांड्याची भिंत

आई, व्हरांड्याची भिंत पाडली. मीच पाडली, आणि बाबांच्या देखत पाडली. तू गेलीस त्याला बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात तुला सांगण्यासारखं बरंच घडलं, पण कागद घेऊन बसावं असं कधी वाटलं नव्हतं. या आठवड्यात वाटलं.

कर्वेनगरचं आपलं घर तू पाहिलंस तसंच आहे. आजूबाजूचे बंगले जाऊन इमारती आल्या, एवढाच फरक. घरात बाबा आणि मी दोघंच असतो. धाकटा वाघोलीला फ्लॅटमध्ये राहतो, रविवारी येतो. दोन वर्षांपूर्वी बाबा बाथरूममध्ये पडले, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन चालतात, पण चालून जायचं कुठे? पुढचा व्हरांडा बंद करून खोली केली तेव्हा घराचं दार बाजूच्या बोळात काढलं होतं. त्या दाराला तीन पायऱ्या, आणि वॉकर आडवा केल्याशिवाय त्यातून बाहेर निघत नाही. त्यामुळे बाबांचं जग म्हणजे पलंग, खुर्ची आणि टीव्ही. आणि ज्या खोलीसाठी हे सगळं केलं तिच्यात रिकाम्या बॅगा, पाहुण्यांच्या गाद्या आणि धाकट्याने हौसेने घेतलेलं व्यायामाचं मशीन. हॉलमध्ये भर दुपारी ट्यूब लावावी लागते.

एका सकाळी चहा पिताना बाबांनी विचारलं, "समोरच्या शेवग्याला यंदा शेंगा आल्या का गं?" मी कप खाली ठेवला. तो शेवगा तोडून चार महिने झाले होते. दारापासून वीस पावलांवरचं झाड गेलं आणि त्यांना ते कळलंच नव्हतं. मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं," आणि पेपरची घडी घातली. त्या एका "बरं"नंतर मी दुसरा विचार केला नाही. भिंत पाडायची, दार पुढे आणायचं, व्हरांडा मोकळा करायचा.

रविवारी धाकट्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, चार-पाच वर्षांत रिडेव्हलपमेंट होणार आपल्याकडे. कशाला तोडफोड? शिवाय धूळ येणार, डास येणार. सेफ्टीचं काय?"

"चार-पाच वर्षं बाबांनी टीव्ही बघत थांबायचं का? बिल्डरला विचारून सांग."

त्याने विषय सोडला. पटलं म्हणून नव्हे. माझा आवाज तुझ्यासारखा व्हायला लागला की तो अजूनही माघार घेतो.

गवंडी येऊन पाहून गेला. वरचा स्लॅब दोन खांबांवर उभा आहे, भिंत नुसती मध्ये भरलेली आहे, काढली तरी घराला काही होणार नाही, असं त्याने सांगितलं. गुरुवार सकाळ ठरली. खोली रिकामी केली. आणि गुरुवारी पाहते तर बाबा त्या रिकाम्या खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेले. पुढ्यात वॉकर, जसा काही कठडाच. गवंडी दारात उभा, हातात घमेलं.

"ही भिंत मी बांधलीय," बाबा म्हणाले. "चार रविवार लागले मला. एक दिवस सुट्टी मिळायची कंपनीतून."

"मला आठवतंय, बाबा. पण मागितली मी होती."

"अभ्यासासाठी मागितलीस. नापास झालीस का कधी? नाही ना? मग भिंतीचं काय चुकलं?"

ती भिंत का मागितली हे मला एकटीलाच माहीत होतं. निदान माझी तशी समजूत होती.

तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. व्हरांड्यात तुझं शिलाई मशीन, खाली अंथरलेली चटई, चटईवर शिकायला आलेल्या चार-पाच बायका, त्यांची लहान मुलं, कोणाची तरी तान्ही आमच्या जुन्या झोळीत झोपलेली. कोणी हेम घालतंय, कोणी सासूचं सांगतंय, कोणी मधेच उठून आपल्या स्वयंपाकघरातून पोहे झाकून आणतंय. धाकटा तिथेच पाढे म्हणायचा, मी तिथेच वेणी घालून घ्यायचे. घरातलं सगळं महत्त्वाचं त्या दहा फुटांत व्हायचं. एका दुपारी माझ्या दोन मैत्रिणी नोट्स घ्यायला आल्या. तू गळ्यात टेप टाकून, ओठांत टाचण्या धरून कोणाची तरी बाही जोडत होतीस. पायरीवर चपला घालता घालता एकीने विचारलं, "या टेलरबाई तुमच्याकडे भाड्याने राहतात का गं?" मी म्हणाले, "हो."

इतकंच. एक अक्षर. तू मान वर केली नाहीस, मशीनही थांबवलं नाहीस. त्या आवाजात तुला ऐकू गेलं नसणार, असं मी स्वतःला सांगितलं. संध्याकाळी बाबा आले तसं मी त्यांना म्हणाले की या बायकांच्या गलक्यात माझा अभ्यास होत नाही, मला खोली हवी. बाबांनी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "द्या करून. शिकू दे तिला." महिन्याभरात भिंत उभी राहिली. तुझं मशीन स्वयंपाकघरात ओट्याशेजारी गेलं. तिथे एकाच बाईला जेमतेम बसता यायचं. बायका हळूहळू यायच्या थांबल्या. तू पुढेही शिवत राहिलीस, पण एकटी, भिंतीकडे तोंड करून.

हे सगळं मी गुरुवारी बाबांना सांगू शकले असते. सांगितलं नाही. गवंड्याच्या घमेल्यातून छिन्नी-हातोडा घेतला आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर पहिला घाव घातला. गिलाव्याचा पापुद्रा पडला. दुसरा घातला. हात झिणझिणले. मागे वळून पाहायचं नाही, असं ठरवलं होतं. तिसऱ्या घावानंतर मागून आवाज आला, "असं नाही. वरून सुरुवात कर. खालून पाडलीस तर अंगावर येईल."

मग बाबांनी स्वतःच खुर्ची हॉलमध्ये सरकवायला लावली आणि दुपारपर्यंत तिथून गवंड्याला सूचना दिल्या. वीट तोडायची नाही, सुटी करायची. खांबाला धक्का लावायचा नाही. गवंडी वैतागून म्हणाला, "काका, तुम्हीच या की." "आलो असतो," बाबा म्हणाले, "पण मग तुला काय काम उरलं असतं?" त्या वाक्याने मला आमचे जुने बाबा दिसले. दीडच्या सुमारास मधला भाग निघाला आणि हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत ऊन आलं. त्या भिंतीवर कॅलेंडरच्या मागे ओल होती हे मला इतकी वर्षं दिसलंच नव्हतं.

आता पुढे पायऱ्यांच्या जागी उतार केलाय, वॉकर सरळ निघतो. दोन खांबांच्या मध्ये बसता येईल असा रुंद, बुटका कठडा. जाळी लावली नाही. धाकटा अजून जाळीचे फोटो पाठवतो, मी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवते आणि सोडून देते. उद्या खरंच बिल्डर आला तर त्याला सांगणार आहे, चार माणसांना दारात टेकता येईल अशी जागा नकाशात दाखव, मग सही माग. बाबा सकाळी आठला बाहेर येऊन बसतात. पहिल्या दिवशी कोणी थांबलं नाही. तिसऱ्या दिवशी भाजीवाल्या मावशींनी पाटी कठड्यावर टेकवली आणि बाबांना तब्येत विचारली. शेजारच्या इमारतीतली एक सून बाळाला उन्हाला घेऊन येते आणि तासभर बसते.

आणि समोरच्या भाभी आल्या, ज्यांना तू पहिल्यांदा ब्लाउज बेतायला शिकवलंस त्या. केस पूर्ण पांढरे. कठड्यावर हात फिरवत बसल्या. बाबा आत औषध घ्यायला गेले तसं मी म्हणाले, "भाभी, ही भिंत माझ्यामुळे झाली होती."

"माहीत आहे की, बेटा. मी त्या दिवशी इथेच बसले होते, तुझ्या आईच्या शेजारी."

"आईला ऐकू गेलं होतं?"

"गेलं होतं. मला राग आला होता तुझा. ती म्हणाली, वय आहे तिचं, बोलू नका काही."

म्हणजे "द्या करून" म्हणालीस तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. त्यानंतर तू जितकी वर्षं होतीस, त्यात एकदाही मला टोचलं नाहीस. मीही विषय काढला नाही. भिंत पाडून ते फिटत नाही, मला कळतं. पण हा व्हरांडा पुन्हा बंद होणार नाही, निदान मी आहे तोवर.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. वाचून दाखवायचं तर बाबा आहेत, आणि त्यांना कळायला हवं. काल ते भाभींना सांगत होते, "पोरीच्या अभ्यासासाठी स्वतःच्या हातांनी बांधली होती मी ती भिंत." मान ताठ करून सांगत होते. भाभींनी माझ्याकडे पाहिलं, वाट पाहिली, आणि मी चहा टाकते म्हणत आत निघून आले.