विरळणीत उपटलेली रोपं

प्रिय अव्वा,

फोनवर आपण ऊन आणि म्हैस यापलीकडं जात नाही, म्हणून हे पत्र. निवांत बसून वाच.

ही पिवळट ज्वारी कशाला जपतेस, असं तू विचारलं होतंस. तेव्हा मी धड उत्तर दिलं नव्हतं. पानावर ऊन पडलं की आत एक रांग कामाला लागते. विहीर खणताना बायका ओळीनं उभ्या राहून मातीची घमेली हातोहात देतात ना, तशी. घमेल्यांच्या जागी इलेक्ट्रॉन नावाचे डोळ्यांना न दिसणारे कण असतात. ते शेवटच्या हातापर्यंत पोचले की रोपाला अन्न करता येतं. पण मधलीच एक बाई उठून गेली तर? सगळं तुंबतं. मग घेतलेलं ऊन रोपाला वापरता येत नाही, त्यातलं थोडं ते लाल उजेड करून परत टाकतं. अंधाऱ्या खोलीत निळा दिवा धरला की चांगली रोपं काळपट दिसतात आणि हे पिवळट रोप चुलीतल्या निखाऱ्यासारखं. कुठली बाई उठली ते सापडलं, की ती काय काम करत होती तेही कळतं. मला या शोधाचं खुळच आहे, तुला ठाऊक आहे.

संस्थेत जागा नव्हती, म्हणून चार वर्षं जपलेलं बी मी आपल्या मुरुम गावच्या रानात विहिरीजवळ पेरलं. वीस दिवसांनी आले तर तू विरळणी करून मोकळी. पिवळी रोपं बांधावर सुकत पडलेली. “रोगट रोप कुणी ठिवतं व्हय?” तू म्हणालीस. त्यावर मी तुला अडाणी म्हटलं, उरलेलं म्हशीला घाल म्हटलं आणि न जेवताच जीप धरली.

तू म्हशीला घातलं नाहीस, कणसं भरेपर्यंत राखलंस. मागच्या आठवड्यात शिवपुत्रमामा गाठोडं घेऊन आला. प्रत्येक कणीस वेगळ्या चिंधीत, बियाण्याचं बांधतेस तसं. हिरव्यागार रोपांच्या पोटातही तो दोष लपून पुढं जातो, हे मी मुलांना शिकवते. रागात मलाच आठवलं नाही. काल एका कणसाच्या दाण्यांतून उगवलेली सोळा रोपं दिव्याखाली धरली. चार लाल झाली. मी तिथंच खाली बसून रडले.

अव्वा, चुकलं माझं. मी दिवा लावून जी रोपं शोधते, ती तू भर उन्हात नुसत्या नजरेनं हेरली होतीस, एकही सुटलं नव्हतं. हे सांगायला लिहायला बसले, आणि एक मागायलाही. पुढच्या पेरणीला मी येते. विरळणी तूच कर. फक्त उपटलेलं प्रत्येक रोप बांधावर न टाकता माझ्या हातात दे.

तुझीच खुळी,
शिवांजली