टॉवेलाखालचा डबा

२० मे

शिवानंदने आज भाचीला दुकानात आणून बसवलं. ऋतुजा. होटगीहून रोज येणार. "सर, तुमच्या हाताखाली राहू दे. जाहिरातीचं शिकंल की." वर्तमानपत्राच्या पुरवण्या काढण्यात माझी हयात गेली; आता शिवानंद बनवतो त्या इलेक्ट्रॉनिक डब्यांच्या जाहिराती लिहितो. शिकवेन. मुलगी हुशार दिसते – थोडी जास्तच.

२४ मे

माहितीपत्रक छापून आलं. वरातीतल्या बँजोचा पातळ आवाज भरदार करून घुमवणारा डबा. नाव मीच दिलं – 'घुमट'. सहा पानं, एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नाही. ऋतुजाने उभ्या उभ्या चाळलं.

"काका, बँजोवाले एवढं वाचत्यात व्हय?"

शिवानंद हसला. हसायला नको होतं.

१ जून

माझी पत्रकं गठ्ठ्यात पडून. ती मात्र वरातींमागे हिंडते. बँजोच्या टेम्पोमागून चालत जाते, वरात थांबली की वाजवणाऱ्याला चहा नेऊन देते. डबे खपतायत. शिवानंदच्या तोंडी सारखं "ऋतुजा म्हनती". पूर्वी "सर काय म्हनत्यात बघू" असायचं.

५ जून

आज हद्द झाली. डब्यांवरचं 'घुमट' ती थिनर लावून पुसत बसली होती!

"बिननावाचा पाहिजे त्यांना, काका. बँजोवाला डबा टॉवेलाखाली झाकून ठिवतो. आवाज कुठनं येतो ते दुसऱ्या पार्टीला कळलं तर ह्याची वरातीची सुपारी त्याला जाती की."

म्हणजे ज्याला माल आवडला तो कुणाला सांगणारच नाही. मग जाहिरात करायची कशी? विचारलं.

"न सांगता."

असलं उत्तर मी आमच्या संपादकांना दिलं असतं तर त्याच पावली घरी आलो असतो. पण डबे खपतायत. आणि माझं नाव चिंधीला लागून कचऱ्यात.

१९ जून

शिवानंदने गल्ल्याची किल्ली तिला दिली. मला कधी दिली नव्हती. मी मागितलीही नव्हती म्हणा.

८ जुलै

अक्कलकोटच्या गुरुलिंगअप्पांनी डबा घेतला. आमच्या जिल्ह्यात बँजो म्हणजे अप्पा. गणपतीच्या मिरवणुकीत ते जे वाजवतात तेच पुढच्या वर्षी सगळे वाजवतात. किती दिवस मी त्यांच्या मागे होतो! ही गेली, त्यांच्या बायकोच्या, सुंदरम्माच्या हातची भाकरी खाल्ली, कानडीत गप्पा मारल्या, डबा देऊन आली. मला कानडी येत नाही. येत असती तर –

नाही. तरी जमलं नसतं. इथे लिहायला हरकत नाही.

१५ जुलै

एवढं मोठं गिऱ्हाईक, आणि गप्प बसायचं? मला नाही पटत. अप्पांच्या तालमीला जाऊन फोटो काढला. टॉवेल नेमका घसरला होता. सगळ्या बँजो पार्ट्यांच्या ग्रुपवर टाकला – 'गुरुलिंगअप्पांच्या आवाजामागचं रहस्य: घुमट!' नाव पुन्हा ठसठशीत. ऋतुजाला विचारलं नाही. का विचारायचं?

जाहिरात झालीय मात्र झकास.

१७ जुलै

अप्पा स्वतः आले. डबा टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही.

"जन्म गेला बोटं झिजवण्यात. आता माढ्याचं एक पोरगं म्हनतंय, अप्पाचं काय न्हाय, समदं डब्याचं हाय."

मी म्हणालो, काढून टाकतो जाहिरात.

"बघितलेलं काढता येतंय व्हय, सर?"

चहाला हात न लावता गेले. दुपारी आणखी दोन पार्ट्यांनी डबे परत आणून दिले. गणपती तोंडावर आलेत, आणि शिवानंदने वर्षाचा सगळा माल त्यासाठीच करून ठेवलाय. हा हंगाम गेला की दुकान गेलं. तो परत आलेले डबे पुसून फळीवर लावत बसला. ऋतुजा त्याला एकेक डबा देत राहिली. मला बोलली असती तर बरं झालं असतं.

२१ जुलै

शिवानंद सुटे भाग आणायला हैदराबादला. ऋतुजा सकाळीच अक्कलकोटला जाऊन आली. येताना हसत होती.

"काका, अप्पांना पटलंय. आता एकच ओळ टाका – गुरुलिंगअप्पा हा डबा वापरत नाहीत."

म्हटलं, हे खोटं नाही का?

"खोटं कसं? परत दिलाय की त्यांनी."

फोटो नको, डब्याचं नाव नको. खाली फक्त दुकानाचा नंबर.

इतकी वर्षं लिहितोय. मला का नाही सुचली? सहा पानं लिहिली, आणि ही ओळ सुचली नाही. आंघोळ करताना तीच, जेवताना तीच. कुठे खोट सापडते का बघतोय. सापडत नाही.

२४ जुलै

टाकली. फोन थांबत नाही. जो तो आधी विचारतो, "अप्पा खरंच वापरत न्हाईत?" मग आवाज खाली आणून – "बिननावाचा मिळंल का?"

२ ऑगस्ट

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. अप्पाही येऊन गेले, मागच्या दाराने. आपला डबा पिशवीत घालून नेला. पुढच्या दारात बँजोवाले, मध्ये शिवानंद. सगळ्यांसमोर त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "ह्याला म्हनत्यात लेखणी! अप्पा वापरत नाहीत – काय ओळ काढली सरांनी!"

ऋतुजा तारा जोडत होती. मान वर केली नाही तिने.

मी तोंड उघडलं. मग मिटलं.

४ ऑगस्ट

सकाळी टेबलावर नवा टॉवेल. घडीही मोडलेली नाही.

"तुमच्यासाठी, काका," ऋतुजा कामावरची नजर न काढता म्हणाली. "आता तुमच्याकडंबी झाकायला कायतरी हाय की."

घेतला.