अंजीर माझ्या ताब्यात

३ मार्च
नातीचा मेसेज आला! मालवाहू बोटीवर आहे आमची पोर, इंजिनखोलीत. लिहिलंय, "आजपासून अख्खं अंजीर माझ्या ताब्यात!" मला लगेच कळलं. फोनने आगाऊपणा करून इंजिनाचं अंजीर केलं. करू दे. अंजीर राखायला कोणी पोरीला समुद्रात नेत नाही.
मला चौथीनंतर शाळेतून काढलं — आणि माझी नात बोट चालवते! अख्ख्या बिल्डिंगला सांगून आले. खालच्या शिंपिणीला दोनदा. तिचा जावई उगाच मिरवत असतो.

४ मार्च
आमचे चिरंजीव! छापखान्यात प्रुफं तपासून तपासून डोळे गेले, खोड गेली नाही. पोरीला उत्तर काय धाडलं? "अंजीर नव्हे, इंजिन. आणखी दोन चुका आहेत. पाठवण्याआधी वाचत जा." शाबासकीचं नाव नाही!
सून म्हणाली, "अहो, केवढी बातमी दिली तिने!"
तर म्हणे, "बातमी वाचली. चुकाही वाचल्या."
दगड मेला!

७ मार्च
पोरीचा मेसेज नाही.

१२ मार्च
अजून नाही. सुनेला फोन आला तेवढा. पोर म्हणाली, "बाबांना लिहायचं म्हणजे पेपर दिल्यासारखं वाटतं. मी आता लिहिणारच नाही." सून सकाळपासून भांडी आपटतेय.
जेवताना चिरंजीवांना धरलं. म्हटलं, "खडे निवडत बसलास, तिकडे भात करपला."
"आई, माझं कामच आहे ते."
"कामाचा पगार छापखाना देतो. घरी फुकट कशाला राबतोस? पोर तुटेल अशाने. मग शोध चुका एकटा बसून."
ताटात बोट फिरवत राहिला. मग हळूच — "तिचा मेसेज मी छापखान्यात सगळ्यांना वाचून दाखवला, आई. मशीनवाल्याला तर बोलावून आणून."
घ्या! बाहेर दवंडी आणि घरात कुलूप!
"मला काय सांगतोस? तिला सांग."
ताटावरून उठला. फोन घेऊन गॅलरीत गेला. दार लावून घेतलं. भाजी गार झाली तरी आत येईना.

१३ मार्च
पोरीचा फोन — मला! आवाज घाबराघुबरा.
"आजी, बाबांचा मेसेज आलाय. भला मोठा. आणि ओळीओळीला चुका! त्यांना बरं आहे ना गं?"
म्हटलं, "आता बरं आहे."